पाच लिटरचं यंत्र, पाव लिटरचं लेकरू : घरच्या ऑक्सिजन संचाचं परीक्षण

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या मेडिकल इक्विपमेंटच्या दुकानात ‘घरी ऑक्सिजन लावायचाय, सेट द्या’ म्हटलं की साधारण चार वस्तू समोर येतात. पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारं यंत्र), ऑक्सिजन ओलसर करायची पाण्याची बाटली, नाकातली नळी आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. हा सेट आजोबांच्या दम्यासाठी जुळवलेला असतो आणि आजोबांसाठी तो चांगलाच आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं, दोन-तीन महिने एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काढून अडीच-तीन किलोचं होऊन घरी निघालेलं लेकरू असेल, तर त्या चारपैकी तीन वस्तू कामाच्या नाहीत. कामाचं एकटं यंत्र, आणि तेही एक जोड लावल्याशिवाय नाही.

या परीक्षणात संचातली एकेक वस्तू तपासली आहे. निकाल आधीच सांगायचा तर असा : घरचे सगळे ज्या पांढऱ्या पेटीची काळजी करतात, ती सगळ्यात कमी त्रास देते. लेकराला ऑक्सिजन पोचतो की नाही, हे पेटीपुढच्या लहानसहान वस्तूंवर ठरतं. अगदी कमी प्रवाह मोजणारं लो-फ्लो मीटर, नळीचं माप आणि ऑक्सिमीटरचा पायाला गुंडाळायचा सेन्सर. दुकानदार याच वस्तू ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवतो.

आधी आजाराबद्दल, थोडक्यात. ब्रॉन्कोपल्मोनरी डिस्प्लेझिया, म्हणजे बीपीडी, हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुफ्फुसाचा आजार. १९६७ साली विल्यम नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं, तेव्हा तो मुख्यतः व्हेंटिलेटरचा दाब आणि जास्तीच्या ऑक्सिजनमुळे झालेल्या इजेचा आजार होता. आता त्याहून कितीतरी लहान बाळं वाचतात आणि आजाराचं रूपही बदललं आहे. पंचवीस-सव्वीस आठवड्यांच्या बाळाच्या फुफ्फुसात हवेचे बारीक फुगे अजून तयारच झालेले नसतात. जन्मानंतर दाब, ऑक्सिजन, जंतुसंसर्ग अशा गोष्टींमुळे त्यांची वाढ अडते. फुगे थोडे आणि मोठे राहतात, सोबतच्या रक्तवाहिन्याही कमी पडतात. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला किमान २८ दिवस ऑक्सिजन लागला की बीपीडी म्हणायचं आणि गर्भारपणाच्या हिशेबानं ३६ आठवडे भरताना बाळ कशावर आहे ते पाहून तीव्रता ठरवायची, अशी व्याख्या बरीच वर्षं वापरात आहे. अलीकडे ३६ आठवड्यांना श्वासाला कोणता आधार लागतो, यावरच श्रेणी देतात.

फुफ्फुसाची वाढ जन्मानंतर निदान दोन-तीन वर्षं चालू राहते, ही यातली दिलाशाची बाजू. घरचा ऑक्सिजन या वाढीसाठी वेळ मिळवून देतो. ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि वजन वाढायचं थांबतं. म्हणून ‘दिसायला तर बरं आहे, मग नळी कशाला’ या प्रश्नाला उत्तर एकच : हा ताण डोळ्यांना दिसत नाही, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसतो.

यंत्राकडे वळू. पाच लिटरच्या यंत्रात झिओलाइट नावाच्या खड्यांनी भरलेली दोन नळकांडी असतात. कॉम्प्रेसर खोलीतली हवा त्यात दाबतो, झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं, उरलेला ऑक्सिजन पुढे जातो. एक नळकांडं भरलं की काम दुसऱ्याकडे, तोवर पहिलं रिकामं होतं. तो जो ठरावीक वेळानं ‘फुस्स’ असा आवाज येतो, तो हाच. त्यात बिघाड काही नाही. बाहेर येणारा ऑक्सिजन साधारण ९० ते ९६ टक्के शुद्ध असतो. ८२-८५ टक्क्यांच्या खाली गेला की पिवळा किंवा लाल दिवा लागतो.

इथे एक हिशेब मांडण्यासारखा आहे, कारण सगळ्यांची भीती शुद्धतेभोवतीच फिरते. तीन किलोच्या बाळाला पाव लिटर दर मिनिटाला लावला की नळीतला ऑक्सिजन आजूबाजूच्या हवेत मिसळून बाळाच्या श्वासात सुमारे २७ टक्के पोचतो. शुद्धता ९५ वरून ८२ वर घसरली, तरी २७ चे जेमतेम २६ होतील. पण प्रवाह पावऐवजी अर्धा लिटर झाला तर २७ चे सुमारे ३४ होतात. गळतीमुळे प्रवाह शून्यावर आला तर थेट २१, म्हणजे खोलीतली हवा. मोठ्या माणसाला चार लिटरवर शुद्धता महत्त्वाची असते, लेकराला प्रवाह. याचा अर्थ दिवा लागलेलं यंत्र वापरत राहा असा मुळीच नाही. ते बिघडत चाललंय आणि बदलायचंच आहे. मात्र दिवा लागला म्हणून रात्री दोन वाजता लेकराला घेऊन पळत सुटायचं कारण नाही. सिलिंडर जोडा आणि सकाळी दुकानदाराला फोन करा.

विकत किंवा भाड्यानं घेताना दोन प्रकार टाळा. पहिला, ‘१ ते ७ लिटर’ लिहिलेली हलकी यंत्रं. २०२१ मध्ये त्यांचा सुळसुळाट झाला होता आणि अजूनही ती फिरतात. एक लिटरला ९० टक्के आणि सात लिटरला ३० टक्के असा त्यांचा हिशेब असतो. कमी प्रवाहाला शुद्धता मिळते खरी, पण त्यातली बरीच चोवीस तास चालण्यासाठी बनलेलीच नसतात. दुसरा, खांद्याला अडकवायची, श्वास घेतला की झोत सोडणारी बॅटरीची यंत्रं. लेकराचा श्वास इतका बारीक असतो की यंत्राला तो ओळखूच येत नाही. यंत्र सुरू, दिवा हिरवा, आणि नाकात काहीच नाही. सलग प्रवाह देणारंच यंत्र लागतं.

यंत्राचा खरा शत्रू आपल्याकडचं ऊन आणि धूळ. माहितीपत्रक वाचलं तर बहुतेक यंत्रांची तापमानमर्यादा ३५ ते ४० अंश दिसते. फिलिप्सच्या एव्हरफ्लोची तर ३२ च आहे. परभणी-नांदेडकडचा मे महिना ४२-४३ चा आणि पत्र्याच्या घरात दुपारी त्याहूनही वर. यंत्र तापलं की आधी शुद्धता पडते, मग ते बंद पडतं. घरातल्या सगळ्यात गार, मातीच्या किंवा स्लॅबच्या खोलीत ठेवा. भिंतीपासून वीतभर तरी लांब. पडद्यामागे, पलंगाखाली किंवा कपाटाच्या फटीत नको. एक चूक तर घरोघर होते : यंत्र गार राहावं म्हणून त्याच्या तोंडाशी कूलर लावतात. कूलरची ओली हवा यंत्रात शिरली की झिओलाइट पाणी धरतं आणि हळूहळू कायमचं निकामी होतं. कूलर खोलीत असू द्या, झोत यंत्रावर नको.

कापसाच्या दिवसांत वेचणी झालेला कापूस घरातच रचून ठेवतात. त्या खोलीत यंत्र अजिबात ठेवू नका. तंतूंनी जाळी दोन दिवसांत बुजते आणि ऑक्सिजनजवळ कापूस म्हणजे ठिणगीची वाट पाहणं. मागची फोमची जाळी आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवा, तूर-सोयाबीनच्या मळणीत दोनदा, आणि पूर्ण वाळवूनच बसवा. ओली जाळी बसवणं कूलरइतकंच वाईट. दोन जाळ्या असल्या की घाई होत नाही. काही यंत्रांना बाहेरची जाळी नसते, आतला फिल्टर तंत्रज्ञच बदलतो. तो शेवटचा कधी बदलला ते विचारा. किती तास चाललंय याचा आकडा बहुतेक यंत्रांवर दिसतो. भाड्याच्या यंत्राचा हा आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. यंत्र पोचवायला आलेल्या माणसाकडून अ‍ॅनालायझर लावून पाच लिटरवरची शुद्धता दाखवून घ्या. नव्वदीच्या वर हवी. यंत्राला पाचपैकी चार गुण. एक गुण उन्हानं खाल्ला.

आता लो-फ्लो मीटर. या परीक्षणातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच.

पाच लिटरच्या यंत्रावरच्या मीटरची सगळ्यात खालची खूण अर्ध्या लिटरची असते. डॉक्टरांनी लिहिलेलं असतं ०.१, ०.२ किंवा ०.२५ लिटर. ‘गोळी अर्ध्याच्या थोडी खाली ठेवा’ असं सांगणारा दुकानदार भेटला तर दुकान बदला. त्या पट्ट्यात मीटर अंदाजसुद्धा नीट देत नाही. सिलिंडरच्या तोंडाला प्रवाह कमी-जास्त करायला जो नेहमीचा एफए वॉल्व्ह येतो, त्याची गतही तीच. त्याच्या बाटलीवरचं मीटर ० ते १५ लिटरचं असतं, त्यावर पाव लिटर म्हणजे काचेच्या तळाशी थरथरणारी गोळी. लागतं ते ० ते १ लिटरचं, किंवा ० ते २०० मिलिलिटरचं मीटर. मिलिलिटरचं असेल तर ०.१ लिटर म्हणजे १०० मिलिलिटर, हे मार्करनं मीटरवरच लिहून ठेवा. रात्री झोपेत लिटर आणि मिलिलिटरची गफलत होते.

दोन जाती आहेत. एका जातीत काचेची नळी आणि आत गोळी. दुसरीत फिरवायची चकती, प्रत्येक आकड्याला टक असा आवाज. चकतीचं मीटर दिसायला देखणं आणि वापरायला सोपं, पण ते साधारण ५० पीएसआय दाबासाठी आखलेलं असतं. सिलिंडरच्या रेग्युलेटरनंतर तेवढा दाब मिळतो. कॉन्सन्ट्रेटरच्या तोंडाशी मिळतो पाच ते नऊच्या दरम्यान. म्हणजे चकती ०.२५ वर असूनही कॉन्सन्ट्रेटरवरून त्याच्या कितीतरी खाली प्रवाह जातो. चकती सिलिंडरसाठी, आणि कॉन्सन्ट्रेटरसाठी कमी दाबावर चालणारं गोळीचं मीटर, अशी वाटणी करा. दोन्हीला एकच मीटर चालेल असं कुणी सांगितलं तर खाली दिलेली बाटलीची चाचणी त्याच्यासमोरच करून दाखवा.

जोडण्याचा क्रम असा. यंत्राच्या तोंडाला छोटी नळी, मग लो-फ्लो मीटर, मग लांब नळी, शेवटी बाळाची नाकातली नळी. यंत्रावरचं मुख्य मीटर पूर्ण उघडायचं आणि प्रवाह लो-फ्लो मीटरवरूनच ठरवायचा. असं केल्यावर मुख्य मीटरची गोळी खाली बसलेली दिसते. घरचे घाबरून ती वर आणायला जातात. ती खाली असणारच, कारण यंत्रातून खरोखर पाव लिटरच जातोय. काही यंत्रं एवढ्या कमी प्रवाहाला ‘प्रवाह नाही’ म्हणून शिट्टी मारत बसतात. तसलं यंत्र पहिल्याच दिवशी परत करा. रोजच्या खोट्या शिट्टीची सवय झाली की खरी शिट्टी कुणी ऐकत नाही. लो-फ्लो मीटर उभंच राहिलं पाहिजे. आडवं पडलेलं किंवा खिळ्याला तिरकं लटकलेलं मीटर चुकीचं दाखवतं. वाचताना डोळा गोळीच्या पातळीत आणि आकडा गोळीच्या मध्यावरचा.

प्रवाह खरा आहे का, हे घरी तपासता येतं. एक लिटरची पाण्याची बाटली काठोकाठ भरा, तोंडावर हात ठेवून पाण्यानं भरलेल्या बादलीत उलटी करा. लांब नळीचं टोक, बाळाची नाकातली नळी जोडायच्या आधीचं, बाटलीच्या तोंडात धरा. पाव लिटर प्रवाह असेल तर चार मिनिटांत बाटली रिकामी होते. अर्ध्या लिटरला दोन मिनिटं, ०.१ ला दहा. पाच-सहा मिनिटं लागली तर वाटेत गळती आहे किंवा मीटर खोटं. ही चाचणी चालू असताना लेकरू सिलिंडरवर असू द्या. नंतर नळी झटकून कोरडी करा, पाण्याचा एक थेंबही एवढ्या बारीक प्रवाहाला बूच लावतो. यंत्र आलं त्या दिवशी आणि नंतर महिन्यातून एकदा इतकी चाचणी पुरे. रोज मात्र नाकातल्या नळीची टोकं वाटीभर स्वच्छ पाण्यात बुडवून बुडबुडे पाहा आणि पुसूनच नाकाला लावा.

पाण्याच्या बाटलीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : पाव लिटरच्या प्रवाहाला ती बहुतेक वेळा लागत नाही, आणि असली की गळतीची जागा वाढते. झाकण आट्यांवर वाकडं बसलं की सगळा ऑक्सिजन तिथूनच जातो. मोठ्यांना चार लिटरमधून तेवढी गळती जाणवत नाही, लेकराचं सगळंच जातं. डॉक्टरांनी लावायलाच सांगितली असेल तर बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या क्षारानं आतल्या नळीच्या बारीक भोकांवर आठवड्यात पांढरा थर बसतो. डिस्टिल्ड पाणी, नाहीतर उकळून गार केलेलं फिल्टरचं. रोज बदला, रोज धुवा. बाटलीला पाचपैकी एक गुण.

नाकातली नळी. माप सांगून मागा : निओनेटल किंवा इन्फंट. ‘पीडियाट्रिक’ म्हणून जी देतात, ती चार-पाच वर्षांच्या मुलाची निघते. टोकांनी नाकपुडीची निम्म्याहून जास्त जागा व्यापू नये. टोकं वाकडी असतील तर बाक खालच्या बाजूला. गालाच्या कातडीवर आधी हायड्रोकोलॉइडची पातळ पट्टी, तिच्यावर नळी, वरून चिकटपट्टी. नळी निघाली तरी कातडी निघत नाही. मोठ्यांसारखी हनुवटीखाली गाठ ओढायची नाही. लांब नळी मानेशी न आणता पाठीमागून, कपड्याच्या आतून पायांकडे न्या. झोपेत गळ्याभोवती गुंतत नाही. नळी कडक झाली, पिवळी पडली किंवा टोकांत शेंबूड वाळला की बदला. साधारण आठवडा-दोन आठवडे टिकते. जिल्ह्याच्या गावाबाहेर हे माप सहज मिळत नाही, एकदम सहा घेऊन ठेवा. नाकाला व्हॅसलीन किंवा तेल लावायचं नाही, ऑक्सिजनबरोबर तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतात. नाक कोरडं पडलं तर सलाइनचे थेंब.

ऑक्सिमीटर घेताना सगळ्यात जास्त फसवणूक होते. बोटाला लावायची चिमटी लेकराच्या पायाच्या अंगठ्याला लावून आकडा येतोही, कधी ७८, कधी ९९, दोन्ही खोटे. पायाला किंवा तळहाताला गुंडाळायचा निओनेटल सेन्सर असलेलं हातातलं किंवा टेबलावरचं यंत्र घ्या. आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी नाडीची लाट किंवा दांडी नीट वरखाली होते का ते पाहा, आणि त्यावरचे ठोके छातीला कान लावून मोजलेल्या ठोक्यांशी जुळतात का तेही. जुळत नसतील तर आकडा सोडून द्या. पाय गार असेल तर पायमोजा घालून गरम करा. सेन्सर तीन-चार तासांनी दुसऱ्या पायाला, नाहीतर कातडी भाजल्यासारखी लाल होते. सावळ्या कातडीवर आकडा खऱ्यापेक्षा किंचित वर दिसू शकतो, म्हणून अगदी सीमेवरच्या आकड्यावर समाधान मानू नका.

घरी बहुतेक बाळांना ९२-९३ च्या वर ठेवायला सांगतात. डोळ्यांची तपासणी अजून चालू असेल तर वरची मर्यादाही पाळावी लागते, कारण जास्तीचा ऑक्सिजन अपरिपक्व पडद्याला घातक. डिस्चार्ज कार्डावर दोन्ही आकडे लिहून घ्या. ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोच्या आतल्या वजनाचं जन्मलेलं असेल, तर आरओपीची, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराची पहिली तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हायला हवी. ती कधी झाली आणि पुढची कधी, हेही त्याच कार्डावर असू द्या. आकडा तीन वेळी पाहायचा : झोपेत, दूध पिताना आणि जागेपणी शांत असताना. जागेपणी ९७ दिसतो म्हणून नळी काढणारे बरेच. तेच लेकरू पिताना ८८ वर येतं आणि गाढ झोपेत ८९ वर.

लाईट. यंत्र साधारण ३५० वॅटचं धरलं तर दिवसाला ८.४ युनिट, महिन्याला अडीचशेच्या वर. प्रवाह कमी म्हणून वीज कमी लागत नाही, कॉम्प्रेसर तितकाच चालतो. शंभर युनिटांच्या आत असलेलं घर एकदम ३०१ ते ५०० च्या टप्प्यात जाऊ शकतं. भाडं ठरवताना हा खर्च धरत नाहीत, आणि दुसऱ्या महिन्याच्या बिलावर मग यंत्र दिवसा बंद ठेवायला सुरुवात होते. आधीच हिशेब केलेला बरा.

इन्व्हर्टरला १५० अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर नवी असताना तीन तासांच्या आसपास धरा, जुनीवर निम्मे. साइन वेव्ह इन्व्हर्टर हवा, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढतो हे लक्षात घेऊन मोठा घ्या. गावठाणात रात्री दाब १८० व्होल्टवर येतो तिथे स्टॅबिलायझरशिवाय यंत्र लावू नका. शेतवस्तीवर, जिथे शेतीच्या फीडरवर ठरावीक तासच लाईट असते आणि डीपी जळाला तर आठवडा जातो, तिथे कॉन्सन्ट्रेटरवर भिस्त ठेवूच नये.

तिथे बी टाईप सिलिंडर खरा साथीदार आहे. दीड घनमीटर म्हणजे १५०० लिटर. मोठ्या माणसाला चार लिटरवर तो सहा तास पुरतो, म्हणून दुकानदार ‘सिलिंडर परवडत नाही’ म्हणतो. लेकराला पाव लिटरवर तो शंभर तास पुरतो. ०.१ वर अडीचशे तास. तळाचा चौथा भाग राखीव ठेवला तरी पाव लिटरवर तीन दिवस आरामात. दोन सिलिंडर, एक चालू आणि एक भरून आणायला, एवढ्यात शेतवस्तीवरचं लेकरू निभावतं. सिलिंडरवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा निम्म्यावर आला म्हणजे गॅस निम्मा उरला, इतकं हे सरळ गणित. सिलिंडर काळ्या रंगाचा, खांदा पांढरा. उभा, साखळीनं भिंतीला बांधलेला, उन्हापासून लांब. किल्ली सिलिंडरलाच दोरीनं बांधा. ऐनवेळी किल्ली सापडत नाही, हा सगळ्यात सामान्य बिघाड.

बीडकडची जी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, त्यांनी डिस्चार्जच्या वेळी हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीत प्लग नसतो, चूल दोन हातांवर असते आणि ऑक्सिजन भरून मिळायचं ठिकाण कुठे ते कुणाला माहीत नसतं. लेकराची आई तरी गावीच राहील अशी सोय करा, नाहीतर नळी सुटेपर्यंत डिस्चार्ज लांबवायची विनंती करा. कोणताही संच कोपीवर चालत नाही.

घरातल्या धुराला संचात उपाय नाही. बाळंतिणीची शेक-शेगडी आणि लेकराला ओवा-वावडिंगाची धुरी, ही रीत कितीही मायेची असली तरी या फुफ्फुसाला ती विष आहे. वर ऑक्सिजनजवळ निखारा. चूल, बिडी, उदबत्ती, कापूर, मच्छर कॉइल, देवाजवळचा दिवा, सगळं दुसऱ्या खोलीत, निदान तीन मीटर लांब. चालू नळी गादीवर टाकून ठेवू नका, कापडात ऑक्सिजन साठतो. नाकात-कानात तेल किंवा तूप घालणंही बंद. ते श्वासनळीत उतरलं की वेगळाच न्यूमोनिया होतो. आजीला हे सुनेनं सांगण्यापेक्षा आशाताईंनी किंवा डॉक्टरांनी समोर सांगितलेलं पचतं.

औषधं ज्याची त्याला वेगळी. मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारं औषध दिलं असेल तर रक्तातलं पोटॅशियम तपासायच्या तारखा चुकवू नका. फुफ्फुसातला दाब वाढलेला असेल तर सिल्डेनाफिल चालू असतं, ते मनानं एक डोससुद्धा थांबवायचं नाही. या लेकरांना श्वासासाठीच जास्त ऊर्जा लागते, दिवसाला किलोमागे १२० ते १५० कॅलरीपर्यंत. म्हणून आईच्या दुधात फोर्टिफायर, म्हणजे दुधाचं पोषण वाढवणारी पावडर घालायला सांगतात, पाणी किंवा गुटी नाही. लसी जन्मतारखेच्या हिशेबानं, ‘लवकर झालंय म्हणून उशिरा’ असं नाही. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस, चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, आणि घरातल्या मोठ्यांनीही घ्यायची. बारसं, जावळ, लग्नसराई या गर्दीत नेऊ नका. साधी सर्दी या लेकरांना परत आयसीयूत पोचवते.

दवाखान्यात कधी न्यायचं हे भिंतीवर लिहून लावा. सेन्सर नीट असूनही आकडा ९० च्या खाली राहतोय, बरगड्यांमधली जागा नेहमीपेक्षा खोल ओढली जातेय, दूध निम्म्यावर सोडतंय, ओठ निळसर, किंवा श्वास वीस सेकंद थांबला. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० आणि त्यानंतर वर्षापर्यंत ५० श्वास ही नेहमीची धोक्याची खूण, पण बीपीडीची लेकरं शांत असतानाही भरभर श्वास घेतात. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी झोपेतले श्वास मोजून कार्डावर लिहून घ्या, तुलना त्याच्याशी करा. आधी नळी, मीटर, गळती तपासा, मग सिलिंडर लावा आणि १०८ ला फोन करताना ‘ऑक्सिजनवरचं बाळ’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. प्रवाह दुप्पट करून घरी वाट पाहत बसू नका.

तपासणीला संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला किंवा नांदेडला जायचं तर पूर्ण दिवस धरा. पाव लिटरवर दहा तासांना १५० लिटर पुरतात, तेव्हा बी टाईपचं धूड नेण्यापेक्षा छोटं ए टाईप पुरेसं. डिकीत आडवं टाकून नाही, पायापाशी उभं बांधून. रेग्युलेटरवर लो-फ्लोची चकती हवी, हे पुन्हा सांगतो, कारण प्रवासातच मोठ्यांचा एफए वॉल्व्ह लावून निघतात.

भाड्याच्या सेवेचं म्हणाल तर ज्या दुकानदाराकडे इन्फंट नळी आणि लो-फ्लो मीटर मांडणीवर दिसतं, त्याच्याकडूनच यंत्रही घ्या. त्याला लेकरांचं काम ठाऊक असतं. यंत्र बंद पडलं तर किती तासांत बदली, गावापर्यंत की तालुक्यापर्यंत, अनामत किती आणि ती परत कधी, अर्धा महिना वापरला तर भाडं निम्मं की पूर्ण, हे पावतीवर लिहून घ्या.

ऑक्सिजन कमी करणं डॉक्टरांचं काम. वजन वाढतंय, इको ठीक आहे, आकडा टिकतोय असं पाहून ते थोडं थोडं उतरवतात. साधारण ०.१ लिटरवर पोचल्यावर दवाखान्यात नळीशिवाय बघतात, मग रात्रभराची नोंद मागतात. त्या नोंदीसाठी आठवणीत आकडे साठवणारा ऑक्सिमीटर कामी येतो, घेतानाच ही सोय विचारा. नळी सुटली की यंत्र लगेच परत करा, भाडं वाचेल. सिलिंडर आणि ऑक्सिमीटर मात्र पहिली सर्दी होऊन जाईपर्यंत घरातच ठेवा. त्या सर्दीत काही दिवस नळी परत लागणं अगदी नेहमीचं आहे.